वीतभर उंचीचा महाकाय

मोडक्या वस्तूंचे सुटे भाग आणि एपॉक्सी पुट्टी यांतून घडणारा चित्रपटातील राक्षस

जपानमध्ये २१ मार्च १९७४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘गॉडझिला विरुद्ध मेकॅगॉडझिला’ या चित्रपटात एक प्रसंग आहे. विध्वंस करीत निघालेला गॉडझिला आपल्याच जुन्या साथीदाराशी, अँगिरसशी, झुंजतो आणि त्याचा जबडा मोडतो. त्या झटापटीत गॉडझिलाच्या कातडीचा लहानसा भाग निघून येतो आणि आत लकाकणारा धातू दिसतो. पुढे तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आवारात खरा गॉडझिला प्रकट होतो, तोतयाची कातडी जळून जाते आणि तिच्याखाली दडलेला यंत्रराक्षस उघडा पडतो.

चित्रपटांतील राक्षसांच्या छोट्या प्रतिकृती घरी घडवणाऱ्यांना याहून सोयीचा विषय सापडणे कठीण. राक्षसाचा निम्मा भाग यंत्राचा, निम्मा मांसाचा. यंत्रासाठी मोडकी खेळणी, बंद पडलेली घड्याळे आणि प्लास्टिकच्या मॉडेल-संचांतून उरलेले सुटे भाग चालतात. मांसासाठी हाताने मळून लावायची एपॉक्सी पुट्टी लागते. कातडी जळत असतानाचा तो क्षण वीतभर उंचीत पकडायचा, तर ही दोन्ही द्रव्ये एकाच शरीरावर एकमेकांना भिडवावी लागतात. कसोटी लागते ती त्या सीमारेषेवर.

या छंदाकडे मोठ्या माणसांचा पोरखेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. चित्रपटसृष्टीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. नावाजलेले राक्षसही हाताशी असलेल्या आणि आधीच्या कामातून उरलेल्या वस्तूंतूनच जन्माला आले आहेत.

कातडी जाते, सांगाडा उरतो

१९३३ च्या ‘किंग काँग’मधील अजस्र वानर पडद्याबाहेर दीड-दोन फुटांचा होता. विलिस ओब्रायन यांनी त्याला एकेक चौकट पुढे सरकवत हलवले. त्याचे शरीर घडवले ते मार्सेल डेल्गाडो यांनी. आत धातूचा, खोबणीत गोळा फिरणाऱ्या सांध्यांचा सांगाडा, त्यावर कापूस व रबराचे स्नायू आणि सर्वांत वर सशाची लोकर. प्रत्येक चौकटीसाठी बोटे लागत, तेव्हा ही लोकर थोडी इकडेतिकडे होई. पडद्यावर काँगचे केस सतत थरथरताना दिसतात ते त्यामुळे. रबर काही वर्षांत कडक होऊन तडकते, लोकर झडते; धातू मात्र टिकतो. काँगचा असाच एक उघडा सांगाडा २००९ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात १,२१,२५० पौंडांना विकला गेला. ज्या भागावर प्रेक्षकांची नजर कधीच पडली नव्हती, त्याला ही किंमत आली.

तो चित्रपट लहानपणी पाहून झपाटलेला एक मुलगा म्हणजे रे हॅरिहाउझेन (१९२०-२०१३). गुहेतील अस्वल बनवण्यासाठी त्याने आईच्या जुन्या फरच्या कोटाला कात्री लावली होती. यंत्रकामात वाकबगार असलेले त्याचे वडील पुढे अनेक वर्षे त्याच्या राक्षसांचे धातूचे सांगाडे घडवून देत राहिले. १९५५ च्या ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’मधील अवाढव्य ऑक्टोपसला आठाऐवजी सहाच भुजा आहेत, कारण आणखी दोन भुजा बनवण्याएवढा पैसा नव्हता. चित्रीकरणात काही भुजा पाण्याखाली राहतील अशी मांडणी केली गेली आणि पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या मोजल्या. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ (१९६३) मध्ये तीन माणसांशी तलवारी खेळणाऱ्या सात सांगाड्यांपैकी एक तर १९५८ च्या सिंदबादपटातून उरलेला, दुसऱ्यांदा कामाला लावलेला होता.

जपानमध्ये हीच काटकसर अधिक उघडपणे चालली. इशिरो होंडा दिग्दर्शित पहिला ‘गॉडझिला’ ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्च रोजी बिकिनी बेटांवरील अमेरिकी हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती आणि त्या घटनेची छाया चित्रपटावर स्पष्ट आहे. विशेष दृश्यांचे प्रमुख एजी त्सुबुराया यांना खरे तर ‘किंग काँग’च्या पद्धतीने, चौकटीमागून चौकट हलवत, राक्षस जिवंत करायचा होता. वेळ आणि पैसा यांचे गणित जमेना, म्हणून माणसाला राक्षसाचा पोशाख चढवण्याचा मार्ग निघाला. शिल्पकार तेइझो तोशिमित्सु यांनी आधी मातीचे छोटे नमुने केले. पहिला पोशाख सुमारे शंभर किलोंचा आणि इतका ताठ झाला, की आतील अभिनेते हारुओ नाकाजिमा यांना धड चालताही येईना. तो टाकून दिला गेला नाही. कमरेत कापून त्याचे दोन भाग केले आणि केवळ पाय दाखवायच्या दृश्यांत खालचा भाग वापरला.

पुढे तर एका राक्षसातून दुसरा काढण्याची परंपराच पडली. १९६५ च्या एका चित्रपटासाठी बनवलेला बारागॉन या राक्षसाचा पोशाख १९६६ मधील ‘अल्ट्रा क्यू’ आणि ‘अल्ट्रामॅन’ या दूरचित्रवाणी मालिकांत डोके, शिंगे आणि गळ्याभोवतीची झालर बदलत पागोस, नेरोंगा, मागुलार व गाबोरा अशा चार नावांनी वावरला. ‘अल्ट्रामॅन’मधील जिरास तर गॉडझिलाच होता, फक्त मानेभोवती मोठी झालर बसवलेली. लढाईत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो आणि खालून ओळखीचा गॉडझिला दिसतो. इतक्या मिश्कीलपणे आपलीच लबाडी उघड करणारे दृश्य विरळा. सत्तरच्या दशकात चित्रपटांचे बजेट आटत गेले, तेव्हा हा मिश्कीलपणा नाइलाजात बदलला. १९६८ साली शिवलेला गॉडझिलाचा पोशाख १९७२ पर्यंत वापरला गेला आणि त्या वर्षीच्या चित्रपटातील मारामारीत त्याचे तुकडे गळून पडताना दिसतात.

मेकॅगॉडझिला जन्मला तो या ओढगस्तीच्या काळात. १९६७ च्या चित्रपटात यांत्रिक काँग येऊन गेला होताच; तीच कल्पना गॉडझिलाला लावली गेली. आराखडा अकिहिको इगुची यांचा, विशेष दृश्ये तेरुयोशी नाकानो यांची. टोकदार गुडघे, रिबेटांनी जोडलेले पत्रे, क्षेपणास्त्रांसारखी सुटणारी बोटे, गरकन फिरणारी मान. यंत्र असल्याने त्याचे कोणतेही अंग सरळ रेषा, वर्तुळ, शंकू यांत बसते. घरच्या कारागिराच्या दृष्टीने ही मोठीच सवलत होय.

आधी माप, मग गोंद

चित्रपटातील मेकॅगॉडझिलाची उंची ५० मीटर सांगितली आहे. प्रतिकृती २० सेंटिमीटरची करायची, तर प्रमाण १:२५० पडते. या प्रमाणात प्रतिकृतीवरील एक मिलिमीटर म्हणजे पाव मीटर. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस तिच्यासमोर सात मिलिमीटरचा होईल, म्हणजे तांदळाच्या लांब दाण्याएवढा.

हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवलेला बरा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो. रणगाड्याच्या १:३५ प्रमाणातील संचातून उरलेले दोन सेंटिमीटर व्यासाचे चाक मूळ संचात सत्तर सेंटिमीटरचे असते. राक्षसाच्या मांडीवर बसताच ते पाच मीटरचे होते. मनगटी घड्याळातील आठ मिलिमीटरचे दातेरी चक्र दोन मीटरचे, आणि अर्ध्या मिलिमीटरचा रिबेट साडेबारा सेंटिमीटरचा. मोठ्या प्रतिकृतीवर शोभणारा एक मिलिमीटरचा रिबेट येथे ताटाएवढा दिसतो आणि पन्नास मीटरचा राक्षस क्षणार्धात खेळण्याच्या दुकानात जाऊन बसतो. घरगुती प्रतिकृती फसतात त्या बहुधा याच ठिकाणी. कारागिरी उत्तम असते, पण बारीक तपशील बारीक नसतो.

स्टुडिओतील प्रमाण याहून खूप मोठे होते. पोशाखातील माणूस सुमारे दोन मीटरचा आणि राक्षस पन्नास मीटरचा, म्हणून १९५४ मधील शहर १:२५ प्रमाणात उभारले गेले. वस्तू पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पंचविसाव्या भागाएवढी इमारत पाचव्या भागाएवढ्या वेळात कोसळते. तेव्हा ती प्रचंड वाटावी म्हणून कॅमेरा वेगाने चालवून दृश्य संथ करावे लागते. टेबलावरच्या स्थिर प्रतिकृतीला ही युक्ती उपलब्ध नाही. तिचे वजन केवळ उभे राहण्याच्या ढबीतून जाणवावे लागते.

उभे राहण्याचा प्रश्न सांगाड्यापासून सुरू होतो. दीड-दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार दुहेरी करून पिळून घेतली, की पाठीचा कणा, पाय आणि शेपूट यांसाठी पुरेसा ताठ सांगाडा मिळतो. हातांना एकेरी तार चालते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या राक्षसाचे मूळ प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नाही. ते पोशाखातील माणसात आहे. त्याचा गुडघा माणसाच्या गुडघ्याच्या जागी आहे, टाच जमिनीवर टेकलेली आहे आणि मांड्यांचा घेर हा रबराचा घेर आहे. डायनोसॉरची चित्रे समोर ठेवून तार वाकवणाऱ्याचा राक्षस शास्त्रशुद्ध होतो, पण तो मेकॅगॉडझिला राहत नाही. दोन पाय व शेपूट अशा तीन टेकूंवर भार विभागावा, शरीर किंचित मागे रेलावे आणि एका पायाची तार तळव्याबाहेर दोन सेंटिमीटर लांब सोडावी. हे टोक लाकडी पाटाला पाडलेल्या छिद्रात बसले, की प्रतिकृती कलंडत नाही.

तारेभोवती स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून घट्ट दाबतात. छाती, पोट, मांड्या यांचा ढोबळ आकार या फॉइलचाच असतो. तो अंतिम मापापेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान ठेवला तरच वरच्या थराला जागा उरते. फॉइलमुळे पुट्टीची बचत होते. शिवाय जाड गोळ्याच्या तुलनेत पातळ थर सारखा वाळतो.

भंगारातील निवड

यंत्राच्या बाजूसाठी डबाभर सुटे भाग लागतात आणि त्यांपैकी दहावा हिस्साही प्रत्यक्ष वापरला जात नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने किंवा चोरबाजार येथे अशा वस्तूंना तोटा नाही. बहुतेक घरांतला जुन्या वस्तूंचा खणही पुरेसा असतो. वापरून संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचे पितळी टोक हे क्षेपणास्त्र-बोटासाठी जणू मापात घडवलेले असते. पेनमधली स्प्रिंग कापून मानेच्या कड्यांसाठी वापरता येते. रिमोटवर चालणाऱ्या मोडक्या गाडीचे दातेरी चक्र, सर्किटवरील रेझिस्टर, उष्णता पसरवणारी खाचांची पट्टी, पातळ वायरींचा पट्टा, संपलेल्या लायटरचे चाक, यांतील कशालाही आधीपासून नाव नसते. जागा मिळाली की नाव मिळते.

मॉडेल-संचांचे तुकडे भलत्याच वस्तूवर चिकटवून नवे यंत्र उभे करण्याच्या या पद्धतीला छंदिष्टांच्या जगात ‘किटबॅशिंग’ म्हणतात. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) कारागिरांनी रणगाडे व विमानांच्या बाजारी संचांतील असंख्य तुकडे आपल्या अंतराळयानांवर लावले. त्या पृष्ठभागाचे रहस्य हे, की डोळ्याला तपशील दिसतो, पण तो नेमका कशाचा हे कळत नाही. चाक हे चाक म्हणून ओळखू आले की भूल उतरली. म्हणून चाक अर्धे कापतात, उलटे लावतात किंवा त्यावर पत्र्यासारखी प्लास्टिकची पट्टी बसवून केवळ कड डोकावू देतात.

येथे हात आवरणेही आवश्यक ठरते. डबा भरलेला असला, की प्रत्येक रिकाम्या जागेवर काहीतरी चिकटवण्याचा मोह होतो आणि राक्षस भंगाराच्या हातगाडीसारखा दिसू लागतो. इगुची यांच्या आराखड्यात मोठे, सपाट, कोरे पत्रे पुष्कळ आहेत. तपशिलाची गर्दी सांध्यांपाशी, मानेखाली, कातडी फाटलेल्या कडेच्या आत असावी. छाती व मांड्या मोकळ्या सोडाव्यात. नजरेला विसाव्याची जागा मिळाली, तरच गर्दीची दखल घेतली जाते.

जोडण्याबाबत थोडेसे. मॉडेलच्या संचांचे प्लास्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असते. त्यासाठी मिळणारे पातळ सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते. तेच सिमेंट धातूवर किंवा मऊ खेळण्यांच्या व्हिनाइलवर काही कामाचे नाही. तेथे फेविक्विकसारखा झटपट गोंद आणि जोडीला तारेची बारीक खुंटी हवी. भाग आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने थोडे खरबरीत करून घेतले नाहीत, तर आज चिकटलेला तुकडा महिनाभरात हातात येतो.

पुट्टीचा स्वभाव

रंगारी व सुतार भेगा बुजवण्यासाठी जी लांबी वापरतात, ती हवेने वा पाणी उडून वाळते आणि बरीचशी आक्रसते. एपॉक्सी पुट्टीचे तसे नाही. तिचे दोन भाग असतात, राळ व कठीण करणारे द्रव्य. ते एकत्र मळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत दगडासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. तो फारसा आक्रसत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि पुन्हा मऊ होत नाही. शाडूच्या मूर्तीचे मोठेपण ती पाण्यात विरघळते यात आहे. एपॉक्सीचा गुण आणि दोष तिच्या अविनाशीपणात आहे. चूक वाळली की ती कानशीनेच काढावी लागते.

भारतात घरोघरी ठाऊक असलेली एपॉक्सी पुट्टी म्हणजे एम-सील. गळक्या नळाच्या सांध्यावर लिंपलेला करडा गोळा सर्वांनी पाहिलेला असतो. मुंबईच्या पिडिलाइट कंपनीने २००० मध्ये हे उत्पादन विकत घेतले. ती स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि फॉइलवरच्या पहिल्या, ढोबळ थरासाठी उत्तम आहे. मात्र तिचा कण थोडा जाड असतो आणि ती लवकर आवळते. त्यामुळे बारीक कातडी कोरण्यासाठी शिल्पकामाच्या खास पुट्ट्या सरस ठरतात. ब्रिटनची मिलिपुट वाळल्यावर घासता, कोरता, भोक पाडता येते. निळी व पिवळी अशा दोन पट्ट्यांतून हिरवी होणारी नीडाटाइट, जिला जगभरचे छंदिष्ट ‘ग्रीन स्टफ’ म्हणतात, ती वाळूनही किंचित लवचिक राहते, धार व सुरकुती सुरेख धरते, पण पॉलिश पेपरने नीट घासली जात नाही. पुष्कळ जण या दोन्ही निम्म्या-निम्म्या मिसळतात आणि दोघींचे गुण पदरात पाडून घेतात.

मळणे हेच निम्मे काम आहे. दोन्ही भाग सारखे घ्यावेत आणि रंगाची एकही रेघ उरणार नाही इतके मळावेत. रेघ राहिली तर तेवढी जागा कायम चिकट राहते. एका वेळी बोराएवढाच गोळा करावा. मुंबईच्या उन्हाळ्यात ही क्रिया वेगाने होते आणि थंडीत रेंगाळते. हत्यार सतत ओले ठेवावे, म्हणजे पुट्टी त्याला चिकटत नाही. महागड्या हत्यारांची गरज नाही. दाभण, जाड सुई, दातकोरणी, रिकाम्या रिफिलचा गोल दांडा आणि जुना टूथब्रश एवढ्यावर संपूर्ण राक्षस होतो.

पहिला थर स्नायूंचा. तो रात्रभर वाळू द्यावा. ओल्या थरावर ओला थर चढवणाऱ्याच्या बोटाखाली खालचा आकार सरकतो आणि केलेले काम फुकट जाते. दुसरा थर कातडीचा, दोन मिलिमीटरहून जाड नको. गॉडझिलाची कातडी मगरीसारखी वाटते, पण तिच्यावर मगरीसारखे रांगेतले खवले नाहीत. ती उभ्या, वेड्यावाकड्या गाठींची आहे. अणुबाँबमधून वाचलेल्यांच्या अंगावरील भाजल्याच्या वणांशी तिचे नाते अनेकांनी जोडले आहे. पुट्टीच्या शेवयांसारख्या बारीक वळ्या करून त्या शरीराच्या वळणाने चिकटवाव्यात, ओल्या दाभणाने कडा मिसळून टाकाव्यात आणि मग सुईने मध्ये मध्ये तोडाव्यात. पुट्टी थोडी आवळू लागली की टूथब्रशने हलकेच टोचावे. पोटावर गाठी लहान, मांड्यांवर मोठ्या, शेपटीच्या टोकाकडे पुन्हा लहान. एकाच आकाराच्या गाठी अंगभर पसरल्या, तर ती कातडी न वाटता गादीचे कापड वाटते.

आता ती सीमारेषा. जळणारी कातडी कोठे संपते आणि धातू कोठे सुरू होतो, हे आधी पेन्सिलीने आखलेले असावे. क्रमही महत्त्वाचा आहे. सुटे भाग प्रथम, पुट्टी नंतर. कातडी धातूवरून आल्यासारखी दिसायची असेल, तर ती खरोखरच धातूवरून आलेली असली पाहिजे. पुट्टीची कड बोटांनी कागदासारखी पातळ करून ती यंत्रभागांवर एक-दोन मिलिमीटर पुढे आणावी, दाभणाने ठिकठिकाणी फाडावी, काही टोके बाहेर वळवावीत. दोन-तीन ठिकाणी कातडीचे तंतू धातूच्या खाचेवरून ताणलेले ठेवले, तर प्रसंग चालू असल्याचा भास होतो. जाड, गुळगुळीत कड राहिली तर तो राक्षस जळत असल्यासारखा न दिसता अर्धा शर्ट काढल्यासारखा दिसतो.

वितळल्याचा परिणाम साधण्यासाठी प्रत्यक्ष प्लास्टिकला लायटर लावण्याचा मोह टाळलेला बरा. पॉलिस्टायरीनचा धूर घातक असतो आणि वितळलेला थेंब बोटावर पडला तर निघत नाही. न वाळलेल्या एपॉक्सीबाबतही बेफिकिरी महागात पडते. वारंवार उघड्या हाताने मळणाऱ्यांपैकी काहींना त्वचेची ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की ती सहसा जात नाही. मग छंदच सोडावा लागतो. पातळ नायट्राइल हातमोजे, उघडी खिडकी, घासताना तोंडावर मुखपट्टी आणि कोरड्याऐवजी ओला पॉलिश पेपर, एवढी पथ्ये पाळावीत. हत्यार ओले करण्यासाठी जिभेला लावण्याची सवय अनेकांना असते, ती तर मुळीच नको.

रंगाने फार लपत नाही आणि बिघडते पुष्कळ. संपूर्ण प्रतिकृतीवर करड्या प्रायमरचा पातळ हात दिला, की पितळ, प्लास्टिक, पुट्टी यांचे रंगभेद नाहीसे होतात आणि प्रथमच तो एक प्राणी दिसतो. याच वेळी सारे दोषही दिसतात; भेगा भरण्याची शेवटची संधी हीच. कातडीला कोळशासारखा करडा रंग, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी. धातूला आधी काळा, मग चंदेरी, आणि खाचांत पातळ काळसर रंग सोडून वरचा पुसून घ्यावा. जळालेल्या कडेला काळा आणि त्याला लागून चंदेरीवर किंचित निळसर-तांबूस झाक. तापलेल्या पोलादावर असा रंग चढतो.

एकच का, अनेक का

प्रतिकृती मनाजोगती झाली, की तिचा सिलिकॉनचा साचा करून राळेत आणखी काढाव्यात, असा विचार अनेकांच्या मनात येतो. जपानमध्ये ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ‘गॅरेज किट’ची चळवळ अशीच उभी राहिली. बाजारातील राक्षसांच्या खेळण्यांवर असमाधानी असलेल्या चाहत्यांनी स्वतः शिल्पे केली, घरी साचे काढले आणि थोड्या प्रती एकमेकांना विकल्या. ओसाकाची कायोदो ही खेळण्यांची कंपनी याच हौशी मंडळींच्या आश्रयाने नावारूपाला आली आणि ‘वंडर फेस्टिव्हल’ हा त्यांचा मोठा मेळावा ठरला. तेथे मूळ हक्कदारांशी झगडा टाळण्याची नामी तोड निघाली. हौशी कारागिराला केवळ त्या एका दिवसापुरता, त्या मेळाव्यापुरता विक्रीचा परवाना मिळतो. दुसऱ्या दिवशी तो संपतो. गॉडझिला व त्याच्या यांत्रिक जुळ्याचे हक्क तोहो कंपनीकडे आहेत आणि परवान्याविना प्रती विकणे हा सर्वत्रच कायद्याचा प्रश्न आहे. स्वतःच्या शेल्फवरील एकुलत्या प्रतिकृतीसाठी मात्र कोणी दार ठोठावत नाही.

२००२ च्या डिसेंबरात आलेल्या चित्रपटाने या यंत्रराक्षसाची कथाच फिरवून टाकली. त्यात १९५४ साली मेलेल्या पहिल्या गॉडझिलाच्या अस्थी समुद्रातून काढून त्यांभोवती नवा मेकॅगॉडझिला बांधला जातो. लढाईत समोरच्या गॉडझिलाची डरकाळी ऐकताच आतल्या अस्थींना स्वतःची ओळख पटते आणि यंत्र ऐकेनासे होते. संगणकावर घडलेल्या ‘गॉडझिला मायनस वन’ला २०२४ मध्ये विशेष दृश्यांसाठीचे ऑस्कर मिळाले. तरीही आत कोणीतरी असलेल्या त्या जड, ओबडधोबड राक्षसांची ओढ हौशी कारागिरांना अजून सुटलेली नाही. २००२ चा हा राक्षस करायचा, तर कातडीच्या जागी पुट्टीची हाडे हवीत. पत्र्यांच्या फटींतून एखादी बरगडी, एखादा मणका दिसेल इतकीच.

पूर्ण झालेली प्रतिकृती हातात धरून वरून पाहिली, तर ती वीतभरच दिसते. तिला टेबलाच्या कडेपाशी ठेवून मागे कोरा राखाडी कागद लावावा आणि एकाच बाजूने, थोडा खालून प्रकाश द्यावा. १:२५० प्रमाणात माणसाचे डोळे जमिनीपासून साडेसहा मिलिमीटरवर येतात, तेव्हा छायाचित्रही तेथूनच घ्यायला हवे. मोबाइल उलटा धरला, की त्याचे भिंग टेबलाला जवळजवळ टेकते.